चिक चॉकलेट : मुंबईतील स्विंग-वाद्यवृंदाच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठी मुलखातील संगीताचा इतिहास लिहिताना ख्याल, नाट्यसंगीत, कीर्तन, लावणी व भावगीत ह्या परंपरांचा परामर्श विस्ताराने घेतला जातो. परंतु १९३५ ते १९५० ह्या पंधरा वर्षांत मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यगृहांत जे स्विंग संगीत नांदले, त्याला ह्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. कारण उघड आहे. त्या संगीताचे श्रोते युरोपीय, पारशी व संस्थानिक; वादक गोमंतकीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व पारशी; गीतांची भाषा इंग्रजी. तेव्हा मराठी माणसाचा त्याच्याशी काही संबंध आला असलाच, तर तो नृत्यगृहाच्या दाराबाहेरूनच, असे समजले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. १९४७ नंतरच्या दशकात हेच संगीत चित्रपटगीताच्या अंगाने मुंबईबाहेर पडले आणि बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या, त्या काळी हैदराबाद राज्यात मोडणाऱ्या गावापर्यंत जाऊन पोहोचले. पोहोचले नाही ते वाजवणाऱ्यांचे नाव. स्वर गावोगाव जातो आणि नाव मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेतच राहते, हे कसे घडले, ह्याचा विचार आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ह्या ट्रंपेटवादकाच्या चरित्राच्या आधारे येथे करावयाचा आहे.

वाझ ह्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बारदेस तालुक्यात हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडून चालणाऱ्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकविण्याचा प्रघात सोळाव्या शतकापासून होता. ह्या शाळेतील संगीतशिक्षकाला पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्रे’ म्हणत. मराठीतील ‘मिस्त्री’ हा शब्द ह्याच पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. एकच शब्द मांडवीच्या तीरी गायनशिक्षकाला चिकटला आणि घाटावर सुतार-गवंड्याला. वाझ ह्यांनी यंत्रकाम शिकून पोटापाण्याला लागावे अशी त्यांच्या आईची इच्छा होती असे सांगतात. म्हणजे तिला हवा होता मराठी अर्थाचा मिस्त्री, आणि मुलगा लागला पोर्तुगीज अर्थाच्या मेस्त्रेच्या नादी.

ह्या शाळांतील शिक्षणाचा एक विशेष पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे मूल वाद्याला हात लावण्यापूर्वी लिखित स्वरलिपी वाचावयास शिके. आधी सोल्फेज, मग बहुधा व्हायोलिन, आणि त्यानंतर ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे अन्य वाद्य, असा क्रम असे. गुरुमुखातून चीज घेऊन ती कंठस्थ करणे ही आपल्याकडील रीत. तेथे कागदावरचे वाचून तत्काळ वाजविणे ही विद्या. गोव्यात पोट भरण्याची साधने तुटपुंजी असल्यामुळे ही विद्या घेऊन तरुण बाहेर पडत : आगबोटींवर, संस्थानिकांच्या बँडांत, लष्करात, आणि सर्वांत अधिक मुंबईत. मुंबईत धोबी तलाव, माझगाव ह्या भागांत एकेका गावच्या मंडळींनी चालविलेली ‘कूड’ नावाची वसतिगृहे होती. तेथे पथारी टाकण्यापुरती जागा मिळे आणि कामाची बातमीही मिळे. मूकपटांच्या काळात चित्रगृहातील पडद्यापुढे बसून वाजविणे हे ह्या वादकांचे एक हमखास काम होते. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रकाशित झाला, बोलपटांचे युग सुरू झाले, आणि ते काम संपले. चित्रपटाने ह्या मंडळींची भाकरी एकदा हिरावून घेतली होती, ही गोष्ट लक्षात ठेवावी; वीस वर्षांनी त्यानेच ती परत दिली, पण निराळ्या अटींवर.

ह्या मधल्या काळात हॉटेलांनी त्यांना आश्रय दिला. ह्या हॉटेलांत जे वाजत होते त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास जॅझ संगीताला जे मोठ्या वाद्यवृंदाचे रूप आले त्याला स्विंग म्हणतात. दहा ते सोळा वादक, त्यांचे तीन विभाग : ट्रंपेट व ट्रोंबोन ह्यांचा पितळी वाद्यांचा, सॅक्सोफोन व क्लॅरिनेट ह्यांचा, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम ह्यांचा लयविभाग. विभागांनी एकमेकांना सवाल-जबाब करावयाचे, मधूनच एखाद्या वादकाने उभे राहून उत्स्फूर्त विस्तार करावयाचा, आणि हे सर्व नाचणाऱ्यांच्या पावलांसाठी. त्यामुळे वाद्यवृंदाचा जीव ड्रमवादकाच्या हाती असे. न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नृत्यगृहात चिक वेब हा ठेंगण्या बांध्याचा, मणक्याच्या क्षयाने पाठीत वाकलेला ड्रमवादक आपल्या वाद्यवृंदाचा नायकही होता. ११ मे १९३७ रोजी त्याच नृत्यगृहात बेनी गुडमन ह्यांच्या विख्यात वाद्यवृंदाशी त्याचा सामना झाला; गुडमनच्या बाजूने ड्रमवर जीन क्रूपा बसला होता, आणि उपस्थितांनी कौल वेबला दिला. दोनच वर्षांनी, जून १९३९ मध्ये, वेब निवर्तला. क्रूपाने पुढे ड्रमच्या स्वतंत्र वादनाला लोकप्रियता मिळवून दिली.

ड्रमच्या ह्या संचाची घडणही ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण ती वडवणीच्या वाचकाला वाटते तितकी परकी नाही. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात आणि कडकड वाजणारा लहान ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात असतो. झांजा तिसऱ्याच्या हातात. अमेरिकेत ढोलाला पायाने दाबावयाचा दांडा बसला (लुडविग ह्यांनी १९०९ साली केलेली रचना ह्यात विशेष यशस्वी ठरली), पुढे पायानेच मिटणाऱ्या झांजांची जोडी आली, आणि तिघांचे काम एक माणूस खुर्चीत बसून करू लागला. हाच लष्करी बँड हिंदुस्थानात लग्नाच्या वरातीत शिरला; परंतु वरात चालती असल्यामुळे येथे बसण्याची सोय नव्हती, म्हणून ढोलवाला, ड्रमवाला व झांजवाला निराळेच राहिले. सॅव्हॉय नृत्यगृहातील ड्रम आणि मराठवाड्यातील वरातीतला ड्रम हे असे एकाच घराण्याचे दोन भाऊबंद होत. पुढे चित्रपटगीते वाजविण्याची वेळ आली तेव्हा वरातीच्या बँडला ती जड गेली नाहीत, ह्याचे एक कारण हे नाते असावे.

मुंबईत ह्या संगीताचे मुख्य पीठ म्हणजे अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन तेथे आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ ह्या ट्रंपेटवादकाने सूत्रे घेतली. १९३६ मध्ये त्याच्या वाद्यवृंदाने मुंबईत काही ध्वनिमुद्रिका केल्या आणि त्यांतील एकीला हॉटेलचेच नाव होते. त्यानंतर आला पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्डने शिकागो येथे अर्स्किन टेट ह्याच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजविले होते. १९२६ च्या ध्वनिमुद्रिकांत दोघांची वाद्ये एकत्र ऐकू येतात. पुढे चीनमध्ये काही वर्षे घालवून तो हिंदुस्थानात आला आणि एप्रिल १९४५ मध्ये कलकत्त्यास पटकीने मरण पावला. ह्या अमेरिकन नायकांनी आपल्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांना घेतले. त्यामुळे मुंबईतील तरुण वादकांनी जॅझ केवळ तबकडीवरून घेतला असे म्हणता येणार नाही. आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या शेजारी बसून त्यांना तो घेता आला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ही तालीम होती, आणि तिची गुरुपरंपरा दोन पिढ्यांत शिकागोपर्यंत जाऊन भिडत होती.

वाझ ह्यांनी ह्याच काळात ‘चिक चॉकलेट’ हे नाव घेतले. पोर्तुगीजमध्ये लहानग्याला लाडाने ‘चिको’ म्हणतात, आईच्या तोंडच्या त्या हाकेवरून ‘चिक’ झाले, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. ‘चॉकलेट’मध्ये वर्णाचा व गोडीचा निर्देश एकाच वेळी आहे. पण व्युत्पत्तीपेक्षा ह्या नावाचे कार्य अधिक पाहण्यासारखे आहे. जॅझ वाजविणारा अमेरिकन आणि शक्यतो कृष्णवर्णीय असावा ही नृत्यगृहातील गिऱ्हाइकाची अपेक्षा होती. हळदोण्याचा वाझ हे नाव फलकावर शोभणारे नव्हते. कावसजी खटाऊ ह्या पारशी सॅक्सोफोनवादकाचा ‘रूडी कॉटन’ झाला तो ह्याच न्यायाने. गुणवंतांनी नाव बदलून रंगभूमीवर यावे ही गोष्ट मराठी रसिकाला नवी नाही. नारायण श्रीपाद राजहंसांचे ‘बालगंधर्व’ झाले होते. मात्र बालगंधर्व ही पदवी लोकांनी दिलेली, मानाची. चिक चॉकलेट हा वेश होता, आणि तो बाजारासाठी होता.

वेश पुरता होता. चिक आर्मस्ट्राँगप्रमाणे घोगऱ्या आवाजात गात, हातात तसाच रुमाल ठेवीत, आणि ट्रंपेटच्या तार सप्तकातील तसेच लांबविलेले सूर घेत. ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही त्यांची ख्याती ह्यातूनच झाली. ह्या ख्यातीवरून त्यांना नकलाकार ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. घराण्याचा शागीर्द वर्षानुवर्षे गुरूचा आवाज, खोकला आणि हातवारे ह्यांसह गातो. त्यातून त्याचे स्वतःचे गाणे उशिरा निघते, कधी निघतही नाही. चिक ह्यांची अडचण एवढीच होती, की त्यांच्या गिऱ्हाइकाला त्यांचे स्वतःचे गाणे नकोच होते. आरंभी ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या संचातून वाजवून त्यांनी पुढे ‘म्युझिक मेकर्स’ हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९४५ च्या सुमारास अकरा वादकांचा हा संच ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवीत असे. पुढे त्यांनी ताजमध्येही वाजविले. उन्हाळ्यात मोठी मंडळी मसुरीला जात, तेव्हा वाद्यवृंदही त्यांच्यामागून मसुरीला जाई. महायुद्धाच्या काळात मुंबईत परदेशी सैनिकांची गर्दी झाली आणि नृत्यगृहे भरून वाहू लागली. कोलंबियाच्या तबकड्यांवर ह्या काळात वाद्यवृंदनायक म्हणून चिक ह्यांचे नाव छापले गेले. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढे तिचे मोल कळते.

१९४७ नंतर हा डोलारा हलला. युरोपीय गिऱ्हाईक बोटीने निघून गेले. संस्थाने विलीन झाली, तेव्हा त्यांच्या अधिपतींच्या खर्चालाही आळा बसला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर १९५० पासून सर्वत्र दारूबंदी लागू झाली, आणि रात्रीच्या नृत्यगृहांचे अर्थकारणच मोडले. लाहोर, कराची येथील हॉटेलांतून वाजविणारे गोमंतकीय फाळणीमुळे मुंबईत येऊन थडकले. लाहोरला स्वतःचा वाद्यवृंद चालविणारे सेबास्टियन डिसोझा हे त्यांपैकीच, जे पुढे शंकर-जयकिशन ह्यांच्या चित्रपटांचे वाद्यसंयोजक म्हणून दीर्घकाळ काम करीत राहिले. हाताशी वादक पुष्कळ आणि नृत्यगृहे थोडी, अशी ही वेळ होती. नेमक्या ह्याच वेळी मुंबईच्या चित्रपटव्यवसायाला मोठ्या वाद्यमेळाची हाव सुटली होती. ताजमध्ये मिकी कोरिया ह्यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे वीस वर्षे टिकला, परंतु तो अपवाद. बहुतेकांनी रात्री हॉटेलात आणि दिवसा ध्वनिमुद्रणशाळेत असा दुहेरी दिनक्रम धरला, आणि हळूहळू दिवस रात्रीला भारी झाला.

चिक ह्यांना चित्रपटात आणणारा माणूस मराठी होता. रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र ह्यांचा जन्म १९१८ साली अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी शास्त्रोक्त गायनाचे धडे घेतले होते, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ केली होती. स्वभावाने ते चौकस. परक्या संगीताची त्यांना सोवळी भीती नव्हती. ‘शहनाई’ (१९४७) ह्या चित्रपटातील त्यांच्या एका द्वंद्वगीताने पाश्चात्य ढंगाच्या विनोदी गीताची चाल पाडली, आणि अभिरुचीच्या रक्षणकर्त्यांकडून त्यांच्यावर पुष्कळ टीकाही ओढवून घेतली. ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे गीत ‘डॉल फेस’ (१९४५) ह्या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडा हिने गाइलेल्या ‘चिको चिको’ ह्या गीताच्या आधाराने बांधलेले आहे. ह्या उसनवारीवर बोट ठेवणे रास्त आहे. परंतु उसने आणलेले सूर मुंबईत कोणी, कोणत्या वाद्यांवर आणि कशा रीतीने उतरविले, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला नाही. इतिहासकाराने तो विचारला पाहिजे.

ह्या कामाची रीत अशी होती. संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बांधी व ती गाऊन दाखवी. स्वरलिपी जाणणारा सहायक ती कागदावर उतरवून घेई. मुखडा आणि अंतरा ह्यांच्या मधल्या जागा कोणत्या वाद्यांनी, कोणत्या सुरावटींनी भरावयाच्या. गायकाच्या सुराखाली कोणते सूर धरावयाचे. ट्रंपेटांना काय, सॅक्सोफोनांना काय, व्हायोलिनांना काय, हे सर्व तो ठरवी किंवा ठरविण्यास मदत करी, आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहून तयार ठेवी. हळदोण्याच्या किंवा मडगावच्या शाळेत मेस्त्रेने शिकविलेली विद्या येथे कामास आली. चाल कोणाची हे सांगता येते. परंतु तीन मिनिटांच्या तबकडीवर जे ऐकू येते त्यातील किती भाग चालीचा आणि किती ह्या कागदाचा, हे वेगळे काढणे कठीण. व्यवसायाच्या भाषेने मात्र ते सहज वेगळे काढले : एकाला ‘संगीतदिग्दर्शक’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘सहायक’. सहायक हा शब्द कामाचे वर्णन करीत नाही. तो पंगतीतील पान सांगतो. मधल्या वाद्यखंडाच्या रचनाकाराला मराठीत किंवा हिंदीत रूढ झालेला शब्दच नव्हता. वादक मंडळी ‘अरेंजर’ म्हणत, पण तो शब्द प्रेक्षकापर्यंत क्वचितच गेला.

भगवान पालव ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘अलबेला’ (१९५१) हा ह्या सहकार्याचा सर्वांत ठळक पुरावा होय. दिग्दर्शक व नायक मराठी, संगीतदिग्दर्शक मराठी, नायकासाठी गाणारा आवाज त्याच संगीतदिग्दर्शकाचा, त्याच्या जोडीला लता मंगेशकर. आणि वाद्यमेळाच्या मुळाशी चिक व त्यांचे सहकारी. ह्यातील ‘दीवाना परवाना’ ह्या रंगमंचीय गीतात तर चिक आणि त्यांचा वाद्यवृंद झालरीच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकन थाटाचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. इतर शेकडो गीतांत जे केवळ ऐकू येतात ते येथे डोळ्यांना दिसतात, म्हणून ही चित्रफीत इतिहासाच्या दृष्टीने दस्तऐवज आहे. तथापि, हे शुद्ध स्विंग नव्हे. १९४० नंतर अमेरिकेतही नृत्यगृहांत रुंबा, सांबा ह्यांचे वारे वाहू लागले होते आणि मुंबईचे वाद्यवृंद त्या वाऱ्याबरोबर गेले होते. ड्रमच्या जोडीला बोंगो, कोंगा, माराकास आले. नृत्यवाद्यवृंदात घडलेले पारशी ड्रमवादक कावस लॉर्ड ह्यांचे नाव ह्या वाद्यांना हिंदी चित्रपटसंगीतात रुळविणाऱ्यांत अग्रभागी घेतले जाते. त्यांचे पुत्र केरसी (१९३५–२०१६) व बुर्जोर हेही ह्याच व्यवसायात नामांकित झाले.

परका ठेका येथे इतक्या लवकर रुजला ह्याचे कारण त्याच्या रचनेत शोधता येते. स्विंगचे आवर्तन चार मात्रांचे; त्याची दोन आवर्तने म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा. तेव्हा ढोलकी वा तबला आणि ड्रमचा संच ह्यांना एकाच गीतात बसविणे हिशेबाच्या दृष्टीने सोपे होते. फरक होता तो वजनाचा. केरव्यात पहिल्या मात्रेवर सम आणि पाचवीवर काल. स्विंगचा ड्रमवादक पायातील झांज मिटतो ती दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. शिवाय स्विंगमध्ये मात्रेचे दोन अर्ध समान नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असा झोल त्यात असतो. ‘स्विंग’ हे नावच त्या झोलाचे आहे. चित्रपटगीतात बहुधा असे दिसते, की गायकाच्या ओळीखाली केरव्याचे वजन राहते आणि मधल्या वाद्यखंडात पितळी वाद्ये शिरताच झोल पुढे येतो. एकाच गीतात श्रोता दोन लयप्रकृतींमधून जातो आणि त्याला सांधा जाणवत नाही. हे काम सोपे नव्हते. त्याच ‘अलबेला’त पिलूच्या अंगाची ‘धीरे से आजा’ ही अंगाईही आहे. तेव्हा पाश्चात्य ढंग ही रामचंद्रांची असहायता नव्हती, ती त्यांची निवड होती.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या प्रकरणातील आणखी एक अंग मोलाचे वाटेल. आर्मस्ट्राँगच्या १९२६ मधील ‘हीबी जीबीज’ ह्या तबकडीने निरर्थक अक्षरांनी गाण्याची जी पद्धत लोकप्रिय केली तिला स्कॅट म्हणतात. कंठाने वाद्याची भूमिका घ्यावी हा तिचा गाभा. आपल्याकडे तराणा ह्याच तत्त्वावर उभा आहे; त्याची अक्षरेही मृदंग-सतारीच्या बोलांशी नाते सांगतात. ‘आशा’ (१९५७) ह्या चित्रपटातील ‘इना मीना डीका’ ह्या रामचंद्रांच्या गीतात दोन्ही प्रवाह मिळाले. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी ‘राज्य कोणावर’ छापाच्या मोजणीवरून ह्या गीताचा आरंभ सुचला, आणि रामचंद्रांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स ह्यांनी त्यात ‘मला नको’ ह्या अर्थाचे कोंकणी शब्द घातले, अशी हकिकत सांगितली जाते. हिंदी श्रोत्याला ती सर्वच अक्षरे निरर्थक. कोंकणी श्रोत्याला मात्र त्यांतून एक अर्थ हळूच डोळा मिचकावतो. पडद्याआडच्या वादकांनी गीतात आपली खूण ठेवल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. आणि ती खूणही नावाची नव्हे, भाषेची आहे.

ही गीते सर्वत्र पसरली त्याला सरकारी धोरणाने उलट्या दिशेने हातभार लावला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना खरीखुरी आस्था होती, आणि चित्रपटसंगीताविषयी तितकाच तिटकारा. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी आकाशवाणीने रविशंकर ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘वाद्यवृंद’ स्थापन केला, आणि त्याच वर्षअखेर रेडिओ सिलोनवरून चित्रपटगीतांची साप्ताहिक गीतमाला सुरू झाली. श्रोत्यांनी काटा सिलोनकडे फिरविला. वाद्यवृंद हा सुंदर शब्द राजमान्य झाला. लोकमान्य झाला तो ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द, आणि मराठवाड्यात त्याचा अर्थ गणेशोत्सवातील चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम असा स्थिरावला. ‘बँड’ शब्दाची गत आणखी विचित्र. तो वरातीपुरता उरला, आणि ‘बँड वाजणे’ ह्या वाक्प्रचारात फजितीचा पर्याय झाला. संबळ-हलगीच्या मुलखात ट्रंपेटवर ‘अलबेला’तील चाल वाजू लागली, तेव्हा ती वाजविणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही ती ‘भगवानचे गाणे’ म्हणून ठाऊक होती. ताजमधील नृत्यगृहात मराठी मंडळींनी फारसे पाऊल टाकले नव्हते. पण भगवान ह्यांच्या त्या आखडत्या, खांदे हलविणाऱ्या नाचाने ग्रामीण महाराष्ट्राला नाचण्याची एक तऱ्हा दिली, आणि त्या पावलांखालचा ठेका नृत्यगृहातून आलेला होता.

नावाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. स्वतः रामचंद्रांनी अनेक नावे वापरली : संगीतदिग्दर्शक म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, काही चित्रपटांसाठी अण्णासाहेब, तर काहींसाठी राम चितळकर. एका माणसाची चार नावे आणि चारही छापलेली. चिक ह्यांच्या बाबतीत हे उलट घडले. नृत्यगृहासाठी त्यांनी खरे नाव टाकून वेशाचे नाव घेतले; ते तबकडीवर छापले गेले. चित्रपटाच्या तबकडीवर चित्रपटाचे, गायकाचे, गीतकाराचे व संगीतदिग्दर्शकाचे नाव असे. वेशाच्या नावालाही तेथे जागा नव्हती. ह्यात रामचंद्रांचा व्यक्तिशः दोष काढण्याचे कारण नाही. त्यांनी चिक ह्यांना पडद्यावर आणले, एवढे औदार्य त्या काळी थोड्यांनी दाखविले. दोष असेल तर तो संगीताचा एकच कर्ता मानणाऱ्या व्यवस्थेचा. आणि ती व्यवस्था चित्रपटाने निर्माण केली असली तरी तिच्यामागे बंदिशकार तेवढा कर्ता आणि साथीदार तो साथीदार ही आपली जुनी समजूत उभी आहेच.

१९५५ नंतरची हकिकत थोडक्यात सांगता येते. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक आणि १९६३ साली ड्यूक एलिंग्टन अमेरिकन सरकारच्या वतीने मुंबईत येऊन गेले. त्यांचे कार्यक्रम श्रोत्यांनी खुर्च्यांवर बसून ऐकले. जॅझ आता नाचाचे संगीत राहिले नव्हते, सभागृहाचे झाले होते. नाचासाठी गिटारवाल्यांचे लहान संच आले. ‘गुमनाम’ (१९६५) मध्ये पडद्यावर दिसणारा टेड लायन्स ह्यांचा संच ह्या नव्या पिढीचा. मे १९६७ मध्ये चिक ह्यांचे मुंबईत निधन झाले. ते अवघे एक्कावन्न वर्षांचे होते. ते ज्या ग्रीन्स हॉटेलात वाजवीत ती इमारत पुढे पाडण्यात आली, आणि तिच्या जागी १९७३ साली ताजचा मनोरा उभा राहिला.

आणखी चार वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटातील एका गीतात नायक आपले नाव अँथनी गोन्साल्विस असे सांगतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या संगीतकारद्वयातील प्यारेलाल ह्यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव त्या पात्राला देवविले होते. हे गुरू मूळचे मडगावजवळच्या माजोर्ड्याचे. १९५८ साली त्यांनी मुंबईत देशी रागसंगीत व पाश्चात्य वाद्यमेळ ह्यांचा संगम साधणारा वाद्यवृंद उभारला होता. २०१२ साली ते वारले. त्यांचे नाव वडवणीच्या वरातीपासून दिल्लीपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा कोणी माणूस खरोखर होता ह्याची कल्पना नाही.